आधी बॅटरी, मग बाकीचं

धाराशिव शहराला रेल्वे नव्हती त्या काळात तिथल्या माणसाला आगगाडी धरायची तर येडशी गाठावी लागे. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणारी, अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे धाराशिवला बाजूला ठेवून येडशीवरून जायची. पुढे रूळ रुंद झाले, गाडी धाराशिवात शिरली आणि येडशीचं ते मोठेपण ओसरलं. तरी गाव आडवाटेला पडलं नाही. सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता इथेच एकमेकांना छेदतात. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला निघालेले, उसाचे ट्रॅक्टर, लातूरला क्लासला चाललेली पोरं, सगळे इथून जातात. आणि ज्या गावात चार रस्ते भेटतात तिथे काहीतरी दुरुस्त करणारा माणूस बसलेला असतोच.

संपादकांनी यंदाच्या अंकाला ‘दुरुस्ती’ हा विषय दिला. घड्याळजी, छत्रीवाले, कल्हईवाले यांच्यावर लिहायला बरेच जण टपलेले असणार, म्हणून मी लॅपटॉप मागून घेतला. तोही पुण्याच्या तापकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा नको होता, कारण तिथे एक भाग जळाला तर शेजारच्या दुकानात दुसरा मिळतो. येडशीत तुटलेली बारीक रिबन केबल म्हणजे कुरियरची वाट बघत घालवलेला आठवडा. जिथे चूक महाग पडते तिथे माणूस मशीन कसं उघडतो, हे मला बघायचं होतं.

ज्यांच्या टेबलाशी मी बसलो त्यांनी नाव छापू नका म्हणून बजावलं. नाव छापलं की लोक फोनवर फुकट सल्ला मागतात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा इथे त्यांना मिस्त्री म्हणतो. त्यांनी आयटीआयचा कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा ट्रेड केलेला आहे. उरलेलं शिक्षण टेबलावर झालं.

पहिला प्रश्न चहाचा

सरकारी अर्ज भरून देणारं सेवा केंद्र चालवणारा एक तरुण लॅपटॉप घेऊन आला.

“भाऊ, चालूच होईना गेलंय.”

“आदळलं का?”

“न्हाई.”

“पाणी, चहा?”

“न्हाई. म्हणजे... थोडा.”

“कधी?”

“परवा.”

“मग परवापासून किती वेळा चालू करून बघितलंस?”

तरुण गप्प. लॅपटॉपच्या फटीतून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला आणि उरलेली हकीगत त्याने सांगितली. ओला फोन तांदळाच्या डब्यात ठेवायचा हा उपाय आता लॅपटॉपपर्यंत पोचलाय. तांदूळ आजूबाजूच्या हवेतला थोडा दमटपणा ओढत असेलही, पण चिपच्या पोटाखाली गेलेलं साखर-दूध तो काय ओढणार? आणि मशीन नुसतं भिजल्याने क्वचितच मरतं. ओल्या बोर्डातून वीज वाहिली की मरतं. चहातल्या क्षारांतून प्रवाह गेला की तांब्याच्या बारीक रेघा आणि कनेक्टरचे पाय खाल्ले जातात, हिरवट-पांढरा थर चढतो. ‘चालू होतंय का’ म्हणून बटण दाबून बघणं म्हणजे त्या खाण्याला दर वेळी हातभार. शिवाय बंद लॅपटॉप पूर्ण बंद नसतोच. बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही वाटांवर वीज उभी असते. म्हणून चहा सांडला की चार्जर काढायचा, पॉवरचं बटण दाबून धरून मशीन मारायचं, उघडता येत असेल तर बॅटरी सोडवायची आणि तसंच दुरुस्तीला न्यायचं.

मिस्त्रींनी लॅपटॉप फोमच्या तुकड्यावर पालथा घातला. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड अडकलेलं नाही ना ते बघितलं. कार्ड राहिलं आणि तळ उचकटला तर स्लॉटच मोडतो. चालू स्थितीत आलेलं मशीन असेल तर ते शिफ्टची कळ धरून शट डाउन करतात. विंडोज एरवी ‘फास्ट स्टार्टअप’च्या नादात अर्धवटच झोपतं.

मग स्क्रू. दिसतात ते सगळे नसतात. काही रबरी पायांखाली असतात, काही स्टिकरखाली. तळ निघत नाही म्हणून जोर लावणारा माणूस बहुधा अशाच एका लपलेल्या स्क्रूशी भांडत असतो. शून्य आणि डबल शून्य नंबरचे स्टार स्क्रू ड्रायव्हर बहुतेक मशीनना पुरतात. कुठे सहा टोकांचा टॉर्क्स लागतो, मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा खास स्क्रू असतो. मिस्त्री फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जोर देतात. स्क्रूची खाच एकदा घासली की पाच मिनिटांचं काम तासाचं होतं.

काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर जातो. पुठ्ठ्यावर पेन्सिलने तळाचा आकार काढलेला आणि ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्याच कोपऱ्यात खोचलेला. मला हे आधी हौसेचं वाटलं. मग त्यांनी दोन स्क्रू शेजारी धरून दाखवले. जाडी एकच, लांबीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो थांबत नाही. वरच्या बाजूचं प्लास्टिक फुगवतो, नाहीतर बोर्डाच्या थरांत घुसून आतल्या रेघा तोडतो. असा बोर्ड बाहेरून धडधाकट दिसतो आणि पुन्हा चालू होत नाही.

तळाच्या फटीत मिस्त्री जुनं एटीएम कार्ड सरकवतात. स्टीलची पट्टी वापरत नाहीत, कारण ती कडा चावते आणि आत काय आहे ते बघत नाही. टिक टिक करत खाचा सुटल्या, तळ निघाला, आणि बाकी कशालाही हात लावायच्या आधी त्यांनी प्लास्टिकच्या चपट्या काडीने बॅटरीचा कनेक्टर सोडवला. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं. बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज अशी उतरते.

हा क्रम ते कधी मोडत नाहीत. का, ते स्क्रीनच्या केबलवरून कळतं. बॅकलाइटची वीज त्याच केबलमधून जाते. बॅटरी जोडलेली असताना ती केबल तिरकी ओढली तर शेजारशेजारच्या पिना एकमेकींना टेकतात आणि बॅकलाइटचा फ्यूज उडतो, कधी त्यामागचा आयसी. पंखा साफ करायला आलेला लॅपटॉप काळी स्क्रीन घेऊन परत जातो. उघडताना बिघडलेल्या मशीनची गोष्ट विचारत गेलं की पुष्कळदा याच जागी येऊन थांबते.

कोणी कोणाला घाबरायचं

गिऱ्हाइकांना वाटतं आत शॉक बसेल. लॅपटॉपला चार्जरमधून येणारी वीज बहुधा एकोणीस-वीस व्होल्टची असते. एवढ्याने माणसाला झटका बसत नाही. झटका देणारा आहे तो बाहेरचा चार्जर. घरातली २३० व्होल्टची वीज त्याच्या आत सरळ केली की सुमारे ३२५ व्होल्ट होते आणि ती एका जाडसर कपॅसिटरमध्ये साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथे असू शकते. मिस्त्री बोर्डावरचा राईएवढा भाग बदलतात, चार्जर मात्र फोडत नाहीत. फार जुन्या, एलईडीच्या आधीच्या स्क्रीनमध्ये बारीक नळी असायची आणि तिच्या इन्व्हर्टरवर शेकडो व्होल्ट. अशी मशीनं आता क्वचित येतात.

म्हणजे लॅपटॉपने माणसाला घाबरायचं. अंगावर साठलेली स्थिर वीज साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे गेली तरच आपल्याला चटका जाणवतो. काही चिपना शंभर व्होल्टही पुरतात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवलं नाही तरी चिप गेलेली असू शकते, किंवा अर्धी दुखावून दोन महिन्यांनी जाते. हवा जितकी कोरडी तितकी ही वीज जास्त साठते. बालाघाटाच्या या डोंगररांगेत पाऊस सरल्यावर हवेत ओल कुठली? नायलॉनचा स्वेटर, प्लास्टिकची खुर्ची आणि जानेवारीतली सकाळ एकत्र आली की रॅमला हात लावणं जोखमीचं.

उपाय म्हणजे मनगटाला बांधायचा पट्टा, ज्याची तार अर्थिंगला जाते. त्या तारेत दहा लाख ओहमचा रोध मुद्दाम घातलेला असतो. अंगावरची वीज हळूहळू उतरावी आणि चुकून घरच्या विजेला हात लागलाच तर जीव घेण्याइतका प्रवाह वाहू नये, यासाठी. नुसती तांब्याची तार हाताला गुंडाळून घेणारे बहाद्दर आहेत. त्यांना कोणीतरी हे सांगायला हवं.

पण पट्ट्याचं दुसरं टोक ज्याला जोडायचं ते अर्थिंग खरं आहे का? मराठवाड्यातल्या दुकानांतला हा मोठा प्रश्न आहे. मुरमाड जमीन उन्हाळ्यात वाळली की खड्ड्यातला कोळसा-मिठाचा थरही वाळतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मिस्त्री फेब्रुवारीपासून खड्ड्यात पाणी ओततात. टंचाईच्या वर्षी लोक बघतात, हसतात, ते ओततात.

याच अर्थिंगची दुसरी तक्रार गिऱ्हाईक घेऊन येतं: लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात, मदरबोर्ड शॉर्ट झालाय. मदरबोर्डाला काही झालेलं नसतं. घरात दोन पिनांचं सॉकेट म्हणून चार्जरच्या प्लगची तिसरी, जाड पिन कोणीतरी कापलेली असते. चार्जरमधल्या एका बारीक कपॅसिटरमधून थोडीशी वीज धातूच्या अंगापर्यंत झिरपतेच. तिला जमिनीत जायची वाट बंद झाली की ती आपल्या बोटांतून वाट काढते.

फुगलेली

टचपॅडचं क्लिक दबेनासं झालं किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुलायला लागला की मिस्त्री तळ उघडायच्या आधी दुकानाचं दार उघडतात. बॅटरी फुगली असणार. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो, आणि भरलेल्या अवस्थेत तापत राहिला की आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू होतो. आपल्याकडची सवय नेमकी हीच. वीज कधी जाईल भरवसा नाही म्हणून चार्जर चोवीस तास लावलेला, वर पत्रा, एप्रिल-मे महिना, बाहेर चाळीसच्या पुढे. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरायची सोय असते. ती चालू करून देणं हा मिस्त्रींचा फुकटचा उद्योग.

फुगलेली बॅटरी काढताना घाई बाद. स्क्रूने बसवलेली असेल तर सोपं. गोंदाने चिकटवलेली असेल तर कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून, गोंद मऊ पडल्यावर, मजबूत दोरा खालून ओढत आणायचा. टोकदार पोलाद जवळ आणायचं नाही. सेलच्या पिशवीला भोक पडलं तर गोडसर, रसायनी वास येतो. मग ती हातातून सोडायची आणि दूर व्हायचं, कारण आत शॉर्ट झालं तर सेल स्वतःच स्वतःला तापवत नेतो आणि पेटतो. टेबलाखाली वाळूची बादली त्यासाठीच. चांगली बॅटरी काढायची असेल तरी ती आधी पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवून घेतलेली बरी. साठलेली ऊर्जा कमी तर आग कमी.

टाचणीने हवा काढून वापरता येते, असं सांगणारा व्हिडिओ दाखवत एक जण आला होता म्हणे. मिस्त्रींनी त्याला बसवून चहा पाजला आणि बॅटरी परत दिली नाही.

भुसा आणि जुलै महिना

२०२३च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि त्या जुलैत अर्ज भरता भरता सेवा केंद्रांवरचे लॅपटॉप दिवसरात्र तापले. २०२५ला ती योजना बदलली, रुपयाचा विमा गेला. पण केंद्रांवर तापून घासलेली मशीनं अजून टेबलावर येतात. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी. मळणी यंत्राचा भुसा हवेत तरंगतो आणि लॅपटॉपचा पंखा तो इमानाने आत ओढतो.

पंखा आणि तांब्याच्या जाळीदार पात्यांच्या मध्ये धूळ साचून नमद्यासारखी पट्टी तयार होते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती आणखी घट्ट बसते. पंखा उघडून चिमट्यानेच ती उचलावी लागते. ब्लोअर मारायचाच तर पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळं सोडलं तर भन्नाट वेगात फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं आणि फिरणारी मोटर उलटी वीजही तयार करते.

हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. घट्ट करताना त्या क्रमाने, सोडवताना उलट. प्रोसेसरचा काचेसारखा चकचकीत तुकडा उघडाच असतो. एकाच कोपऱ्यावर दाब आला तर त्याचा टवका उडतो. जुनी वाळलेली पेस्ट अल्कोहोलने पुसून नवी थोडीशीच लावायची. जास्त लावली की थंडावा जास्त, हा समज मलमपट्टीवरून आला असावा. पेस्टचं काम चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या हवेच्या फटी भरून काढणं एवढंच आहे.

तुटलेल्या हिंजबद्दल, म्हणजे झाकणाच्या बिजागरीबद्दल, थोडक्यात. पितळेच्या इवल्या नळ्या प्लास्टिकात रुतवलेल्या असतात, हिंजचे स्क्रू त्यांत बसतात. वंगण वाळून हिंज कडक झाला की झाकण उघडताना तो या नळ्याच उपटतो. लोक झाकणाचा कोपरा धरून उघडतात, त्याने हे लवकर होतं, मधोमध धरावं.

खैराटची हिरवी मशीनं

मुलांनी स्वतः उघडावा असा लॅपटॉप महाराष्ट्रातल्या एका खेड्यात येऊन गेलाय. निकोलस निग्रोपोंटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत झाला. त्याच्या वर्षभर आधी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना नाकारली होती. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं ते एक्सओ नावाचं यंत्र. शिक्षणावर त्याचा काय परिणाम झाला याचा वाद मोठा आहे आणि तो इथे नको. मिस्त्रींना मी त्याच्या आतल्या रचनेची माहिती दाखवली आणि ते बराच वेळ बघत राहिले.

त्यात पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही. कीबोर्ड अखंड रबराचा, म्हणजे चहाची भीती कमी. बॅटरी खटका सरकवून निघते, स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही, आणि तिची रसायनंही नेहमीच्या लिथियम-आयनपेक्षा शांत जातीची. सगळ्यांत कहर म्हणजे हँडलच्या आत जादा स्क्रू ठेवलेले. बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं की हे उघडलं जाणार, स्क्रू हरवणार.

“स्क्रू हरवणार हे ज्यानं मान्य केलं, तो टेबलावर बसलेला माणूस असणार,” मिस्त्री म्हणाले.

आताचे पातळ लॅपटॉप उलट दिशेने गेलेत. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, कीबोर्ड वरच्या भागाला वितळवलेल्या प्लास्टिकच्या ठिपक्यांनी जोडलेला. एक कळ गेली तर अख्खा वरचा भाग बदला. येडशीवरून धावलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने १८९७मध्येच वेगवेगळ्या वाघिणींना एकच प्रमाणित सांगाडा ठरवला होता. लॅपटॉपला असा समाईक सांगाडा नाही. एकाच कंपनीच्या एकाच वर्षीच्या दोन मॉडेलांची बॅटरी एकमेकांना बसेलच असं नाही. माझं मत विचाराल तर मिस्त्रींच्या हातातलं निम्मं कौशल्य या नसलेल्या सांगाड्याची भरपाई करण्यात जातं.

सगळीकडे अंधार नाही. लेनोवो, डेल, एचपी आपल्या बऱ्याच मॉडेलांची उघडण्याची सचित्र पुस्तिका उघडपणे देतात. स्क्रूची लांबीसुद्धा त्यात असते. मिस्त्री ती आधी फोनवर उतरवून घेतात. फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने २०२१मध्ये प्रत्येक भाग वापरणाऱ्याला बदलता येईल असा लॅपटॉपच काढला. फ्रान्सने २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचा अंक छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल आलं, २०२५च्या मे महिन्यात दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवालही आला. येडशीच्या टेबलावर त्यातलं काही अजून पोचलेलं दिसलं नाही.

कुलूप नसलेली कुलुपं

हल्ली मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी एक प्रश्न विचारतात: मायक्रोसॉफ्टचं खातं कोणत्या ईमेलचं आहे? विंडोज ११च्या नव्या मशीनवर डिस्क बऱ्याचदा आपोआप बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद झालेली असते. मालकाला पत्ता नसतो. बोर्ड बदलला की मशीन अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतं. ती किल्ली त्या खात्यात, आणि खातं ज्या पोराने दुकानात काढून दिलं तो आता पुण्याला. फोटो, शाळेचे दाखले, शेताचे कागद सगळे आत सुरक्षित आणि कायमचे बंद. आधी किल्ली लिहून घ्यायची, आधी डेटाची प्रत काढायची, मग तळ उघडायचा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार थांबला आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक मशीनना विंडोज ११ची दारं बंद आहेत. ही मशीनं लोक भंगार समजून आणतात. हार्ड डिस्क काढून एसएसडी, एक रॅमची कांडी आणि लिनक्स घातलं की त्यातली बरीच अभ्यासापुरती पुन्हा पळतात. एवढं काम कोणीही घरी करू शकेल, बॅटरीचा कनेक्टर आधी काढला तर, असं मिस्त्री स्वतःच सांगतात. धंद्याचं नुकसान होत नाही का? घरी उघडलेल्यांतली निम्मी रिबन तोडून इथेच येतात, ते म्हणाले. कीबोर्डच्या रिबनच्या कनेक्टरवर बारीक पट्टी असते, ती नखाने वर उचलली की रिबन आपोआप सुटते. ती न उचलता ओढली की तुटते.

चहाचा लॅपटॉप संध्याकाळपर्यंत टेबलावर होता. बोर्ड मऊ ब्रश आणि अल्कोहोलने धुतला, भिंगाखाली बघितला, कीबोर्ड बाद ठरला. तळ न लावता, बॅटरी शेवटी जोडून, मिस्त्रींनी तो चालू केला. पंखा फिरला, स्क्रीन उजळली. स्पीकर, वायफाय, चार्जिंग, सगळी खात्री तळ उघडा असतानाच. पुठ्ठ्यावरचा शेवटचा स्क्रू जागेवर गेल्यावर काही राहिलं असं कळलं तर सगळं पुन्हा.

कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात वाळू होती आणि तिच्यात पुरलेल्या, टोकांना चिकटपट्टी लावलेल्या मेलेल्या बॅटऱ्या. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. त्यांच्याकडून घ्यायला कोणी आलेलं नाही. भंगारवाला किलोवर मागतो, पण त्याच्या गाडीत त्या लोखंडाखाली चिरडतील म्हणून मिस्त्री देत नाहीत. डबा भरत आला की सुटे भाग आणायच्या फेरीला ते तो सोलापूरला ओळखीच्या व्यापाऱ्याकडे नेतात; एसटीत नाही, स्वतःच्या दुचाकीवर.